हरणाऱ्याच्या हाती काय उरतं?

वाचक विचारतात :

मी २९ वर्षांची, कर्वेनगरला राहते. हिंजवडीतली नोकरी दोन वर्षांपूर्वी सोडली. आता स्वतःची अ‍ॅप करते आणि घरखर्च भागावा म्हणून बाहेरची छोटी कामं घेते. त्यात तासाला साधारण ८०० रुपये सुटतात. आमच्या भागात डबे देणाऱ्या आणि मेस चालवणाऱ्या काकूंसाठी मी एक अ‍ॅप केलंय. कोणाचा खाडा, कोणाची बाकी, उद्या किती डबे भरायचे, सगळं त्यात एका नजरेत दिसतं. आज ३७ जणी ते वापरतात आणि महिन्याला ९९ रुपये देतात. हिशेबाचा भाग माझ्या मैत्रिणीने लिहून दिला. ती अजून एका आयटी कंपनीत नोकरीला आहे.

एका बड्या कंपनीने अ‍ॅप स्पर्धा जाहीर केली आहे. पहिलं बक्षीस १० लाख, दुसरं ५ लाख, तिसरं अडीच लाख. अ‍ॅप त्यांच्या क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून वापरायच्या त्यांच्या संगणकांवर, चालवायचं, पैसे घ्यायला त्यांचीच पेमेंट व्यवस्था लावायची आणि कोड त्यांच्याकडे जमा करायचा. एवढा बदल करायला मला २५० तास लागतील. ७० टक्के गुण परीक्षकांचे, ३० टक्के लोकांच्या मतांचे. गेल्या वर्षी ५०० प्रवेशिका आल्या होत्या, असं जाहिरातीत लिहिलंय. अटींची प्रत सोबत जोडते आहे.

नवरा म्हणतो, दहा लाख मिळाले तर दोन वर्षं निवांत काम करशील. सासरे म्हणतात, मोठ्या कंपन्या असंच फुकट राबवून घेतात. मागे मी एका ४८ तासांच्या हॅकेथॉनमध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळात अ‍ॅप उभं करायच्या स्पर्धेत, उतरले होते. काही मिळालं नाही, आणि सहा महिन्यांनी माझ्या कल्पनेसारखीच सोय त्या कंपनीच्या अ‍ॅपमध्ये दिसली. तेव्हापासून मन कचरतं. मुदत संपायला तीन आठवडे आहेत. या स्पर्धा आमच्यासारख्या एकट्याने काम करणाऱ्यांशी न्यायाने वागतात का? मी उतरू का?

– एक अ‍ॅपवाली, कर्वेनगर

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि अटींची प्रत चार वेळा. हातात तीनच आठवडे आहेत, म्हणून उत्तर आधी देते. अटी आहेत तशाच राहणार असतील तर हे अ‍ॅप त्या स्पर्धेत उतरवू नका. त्या बदलून मिळाल्या तर मात्र जरूर विचार करा. अटी बदलून मागता येतात. कशा, ते पुढे लिहिते.

सासऱ्यांचं म्हणणं मला पुरतं मान्य नाही. स्पर्धेचा उपयोग होतो. तारीख ठरलेली असली की रेंगाळलेलं काम हातावेगळं होतं, जाणती माणसं आपलं काम बघतात, कोणाला पहिला गुंतवणूकदार तिथेच भेटतो. घरी एकटीने काम करताना आठवडेच्या आठवडे कोणी ‘दाखव बघू काय केलंस’ असं म्हणत नाही. या धंद्यात २२ वर्षं काढल्यावरही मला ते जाणवतं. नवऱ्याचंही चुकत नाही. ३७ जणींचे ९९ रुपये म्हणजे महिन्याला ३,६६३. तेवढ्यावर पुण्यात घर चालत नाही, तेव्हा दहा लाखांचा आकडा बघून मन तिकडे ओढलं गेलं यात गैर काय आहे?

पण स्पर्धा न्यायाची आहे की नाही हे ठरवताना आपण सगळे बक्षिसाकडे बघतो. केवढं आहे, खरंच देतात का, ओळखीतल्याला तर देत नाहीत ना. हे तीनही प्रश्न जिंकणाऱ्यांचे झाले. पाचशेपैकी ४९७ जण हरणार आहेत. ते घरी काय घेऊन जातात आणि मागे काय ठेवून जातात? मी कुठल्याही स्पर्धेचे नियम वाचते ते या ४९७ जणांच्या बाजूला बसून.

आपल्याकडे पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा १९६३ पासून होते. कॉलेजची पोरं पावसाळाभर तालमी करतात, भरत नाट्य मंदिरात जीव ओतून प्रयोग करतात आणि बहुतेक संघ हरतात. २०२२ साली तर परीक्षकांनी करंडक कोणालाच दिला नाही. त्यावरून पुष्कळ वाद झाला. पण हरलेल्या एकाही लेखकाची संहिता त्या रात्री त्याच्या हातून गेली नाही. ती एकांकिका पुढे कोणाला करायची असेल तर आजही लेखकालाच विचारावं लागतं. हरलेला संघ नेपथ्य टेम्पोत घालतो आणि स्वतःची वस्तू स्वतःबरोबर घेऊन जातो.

आता तुमच्या अटींमधलं सातवं कलम बघा. ‘सर्व प्रवेशिका वापरण्याचा, त्यात बदल करण्याचा आणि त्यावरून नवीन उत्पादन तयार करण्याचा जगभरातला, कायमचा, रद्द न होणारा, विनामोबदला हक्क’ कंपनीला मिळतो, असं तिथे आहे. यातल्या ‘सर्व’ या शब्दाखाली पेन्सिलने रेघ मारा. बक्षीस तिघांना मिळणार आणि हक्क पाचशे जणांकडून घेतला जाणार.

हे शब्द तिथे का आहेत तेही समजून घ्या. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाचा प्रोग्रॅम साहित्यकृतीत धरला आहे आणि लिहिणारी व्यक्ती त्याची पहिली मालक असते. हक्क किंवा परवाना दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी द्यावा लागतो. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता धरतो. लिहिणाऱ्याला सांभाळून घेणारी ही तरतूद आहे. ‘कायमचा’ आणि ‘जगभर’ हे दोन शब्द घातले की तिचा आधार उरत नाही, म्हणून कंपन्यांचे वकील ते दोन शब्द कधी विसरत नाहीत. आणि नुसत्या ‘मान्य आहे’च्या चौकोनात टिचकी मारली तर काय बिघडतं, असं मनात असेल तर ते काढून टाका. करार केवळ इलेक्ट्रॉनिक पद्धतीने झाला म्हणून तो निकामी ठरत नाही, असं माहिती तंत्रज्ञान कायदा सांगतो.

मालकी तुमच्याकडेच राहील, असंही त्या अटींत मोठ्या अक्षरांत लिहिलंय. ते खरं आहे. पण कंपनीला तुमचं अ‍ॅप कायम फुकट वापरता आणि बदलता येणार असेल, तर उद्या तुमच्या ९९ रुपयांसमोर ती तेच अ‍ॅप शून्य रुपयांत ठेवू शकते. सातबारा तुमच्या नावावर आणि पीक दुसऱ्याच्या खळ्यात, असं ते होईल.

आता हिशेब करू. तुमचे २५० तास, तासाला ८०० रुपये, म्हणजे दोन लाखांचं काम तुम्ही उधारीवर करणार. पाचशे जणांनी एवढंच काम केलं तर ते दहा कोटींचं होतं. सगळे एवढे कष्ट घेत नाहीत, पुष्कळ जण शनिवार-रविवारात काहीतरी उभं करून पाठवतात. म्हणून दहावा भाग धरा, तरी एक कोटी. कंपनी वाटणार साडेसतरा लाख. प्रवेशिकांच्या संख्येने भागलं तर डोक्यामागे साडेतीन हजार रुपये पडतात. शिवाय अशा बक्षिसांतून बऱ्याचदा ३० टक्के कर आधीच कापून घेतात, म्हणजे पहिल्या क्रमांकाच्या हाती सात लाखच येतील. नेमकं किती, ते तुमच्या सीएला विचारा. हे आकडे मी तुमचं मन मोडायला मांडत नाही. तुम्ही २५० तासांचं मोल पत्रात स्वतःच लिहिलंत आणि पुढच्याच ओळीला ते विसरलात, एवढंच मला दाखवायचं होतं.

कंपन्या या स्पर्धा का भरवतात? जुनं उदाहरण बघा. गूगलने २००७ च्या नोव्हेंबरमध्ये अँड्रॉइडसाठी एक कोटी डॉलरची अ‍ॅप स्पर्धा जाहीर केली. पहिल्या फेरीत १,७८८ प्रवेशिका आल्या. त्यातल्या ५० जणांना प्रत्येकी २५ हजार डॉलर मिळाले, आणि पुढे त्यांच्यातल्याच वीस जणांना मोठ्या रकमा. यातली मोलाची गोष्ट अशी की तेव्हा बाजारात अँड्रॉइडचा एकही फोन नव्हता. पहिला फोन आला २००८ च्या ऑक्टोबरमध्ये. लोकांनी संगणकाच्या पडद्यावरच्या नकली फोनवर चालवून बघत अ‍ॅप लिहिली. म्हणजे दुकान उघडायच्या आधीच फळ्या मालाने भरल्या. कंपनीने त्यासाठी खरे पैसे मोजले, ते मी नाकारत नाही. पण मधल्या काळात अ‍ॅप लिहायची नवी साधनं फक्त निवडलेल्या पन्नास जणांनाच दिली होती, ते उघड झालं तेव्हा बाकीचे खवळले, आणि त्यांचं खवळणं रास्त होतं. तुमच्या स्पर्धेतही क्लाउड आणि पेमेंटची अट याचसाठी आहे. पाचशे अ‍ॅप एकदा त्यांच्या व्यवस्थेवर बसली की त्यातली निम्मी तिथेच राहतील, कारण परत उचलून दुसरीकडे न्यायला पुन्हा २५० तास लागतात.

याच काळात नेटफ्लिक्सने केलेल्या नियमांचं मात्र मला कौतुक आहे. प्रेक्षकाला कुठला चित्रपट आवडेल याचा अंदाज दहा टक्क्यांनी सुधारून दाखवा, अशी ती दहा लाख डॉलरची स्पर्धा २००६ साली सुरू झाली. चाळीस हजारांहून जास्त संघांनी नावं नोंदवली. बक्षीस घेणाऱ्याने आपली पद्धत वापरायचा परवाना कंपनीला द्यायचा, पण तो एकट्या कंपनीपुरता बांधलेला नसेल, असा नियम होता. जो जिंकणार नाही त्याची पद्धत त्याचीच. शिवाय मोजमाप आकड्यात होतं, परीक्षकाच्या मर्जीत नव्हतं. २००९ साली दोन संघांची सुधारणा अगदी सारखी, १०.०६ टक्के निघाली आणि २० मिनिटं आधी पाठवणाऱ्या संघाला बक्षीस मिळालं. दुसऱ्या संघाला किती हळहळ वाटली असेल! पण नियम सगळ्यांना आधीपासून ठाऊक होता. त्या स्पर्धेत एक मोठी चूकही झाली. ती तुमच्या कामाची आहे, म्हणून शेवटी लिहिते.

परीक्षणाबद्दल मला आतून माहीत आहे. मी दोनदा अशा स्पर्धांची परीक्षक होते. त्यातल्या एका दुपारी आमच्यापुढे ४० प्रवेशिका होत्या. प्रत्येकीला सात मिनिटं दिली होती, चार सादरीकरणाची आणि तीन प्रश्नांची. कोड कोणी उघडून पाहिला नाही. गुणपत्रिका आयत्या वेळी हातात आली. त्यात ‘प्रायोजकाच्या उत्पादनाचा वापर’ याला ३० गुण होते आणि ‘उपयुक्तता’ला १५. एका मुलाने अंध प्रवाशांना बसथांबा आणि बसचा नंबर बोलून सांगणारं अ‍ॅप केलं होतं. ते चालत होतं, माझ्यासमोर चाललं. पण प्रायोजकाची एकच सेवा त्याने वापरली होती, म्हणून तो बाराव्या क्रमांकावर गेला. मी वाद घातला. गुणपत्रिका आधीच ठरली आहे, असं उत्तर मिळालं. शेवटी मी सही केली. त्या सहीचा सल अजून गेलेला नाही, आणि त्यानंतर गुणपत्रिका आधी पाहिल्याशिवाय मी कुठे परीक्षक म्हणून गेले नाही. तुमच्या अटींत ७० टक्के परीक्षकांचे एवढंच लिहिलंय. ते ७० कशाला, हे कुठेच नाही.

नियम मोघम असले की पुढे काय होतं ते सेल्सफोर्स या अमेरिकन सॉफ्टवेअर कंपनीच्या २०१३ च्या हॅकेथॉनमध्ये दिसलं. तिथेही बक्षीस दहा लाख डॉलरचं. निकालानंतर कळलं की विजेत्या संघात कंपनीचा जुना कर्मचारी आहे आणि त्यांच्या कामाचा काही भाग आधीच लोकांसमोर दाखवलेला होता. आमच्या प्रवेशिका कोणी उघडल्याच नाहीत, अशाही तक्रारी आल्या. जुना कोड वापरायला नियमात मनाई नव्हती, असं कंपनीने सांगितलं, पण ओरड एवढी झाली की शेवटी बरोबरी जाहीर करून दुसऱ्या संघालाही दहा लाख डॉलर द्यावे लागले. पैसा असला की चूक अशी निस्तरता येते. ज्यांची प्रवेशिका उघडलीच गेली नाही त्यांचे तास मात्र कोणी परत केले नाहीत.

लोकांच्या मतांवरचे ३० टक्के मला सगळ्यात कमी पटतात. अकराव्या कलमात आहे की मत देण्यासाठी कंपनीचं अ‍ॅप उतरवून घेऊन फोन नंबरने नोंदणी करावी लागेल. म्हणजे तुम्ही ३७ काकूंना आणि सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपला मतं मागत फिरणार, आणि त्यातून कंपनीला फुकट गिऱ्हाईक मिळणार. पाचशे स्पर्धकांनी शंभर-शंभर माणसं आणली तरी पन्नास हजार होतात. ज्याचा गोतावळा मोठा तो पुढे. अ‍ॅप चांगलं की वाईट, हा प्रश्न तिथे येतच नाही.

एक अट तुमच्या नजरेतून निसटली असावी. नववं कलम म्हणतं की प्रवेशिका ‘याआधी प्रसिद्ध न झालेली’ हवी आणि निकाल लागेपर्यंत ती दुसरीकडे कुठे उपलब्ध करायची नाही. निकाल चार महिन्यांनी आहे. तुमचं अ‍ॅप तर ३७ जणी रोज सकाळी भाजी चिरायच्या आधी उघडतात. नियम पाळायचा तर ते चार महिने बंद ठेवावं लागेल. या बायकांनी वही सोडून तुमच्यावर विश्वास टाकला आहे. त्यांना परत वहीकडे पाठवू नका.

मैत्रिणीचा प्रश्न याहून नाजूक आहे. नोकरीच्या कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडची पहिली मालक, वेगळा करार नसेल तर, कंपनी असते. रात्री घरी, स्वतःच्या लॅपटॉपवर, नोकरीच्या कामाशी संबंध नसलेलं लिहिलं तर कायद्याने ते तिचं. पण आयटी कंपन्यांच्या नेमणूकपत्रांत याच्या कितीतरी पुढे जाणारी कलमं असतात, आणि बाहेरचं काम करायचं नाही अशीही अट असते. स्पर्धेच्या फॉर्ममध्ये तुम्ही सही करणार की ‘या अ‍ॅपचे सर्व हक्क माझ्याकडे आहेत, कोणी दावा केला तर कंपनीचं नुकसान मी भरून देईन’. त्या भरपाईला वरची मर्यादा घातलेली नाही आणि वाद झाला तर न्यायालय बंगळुरूचं. उद्या मैत्रिणीच्या कंपनीने हरकत घेतली तर तिची नोकरी आणि तुमची बचत दोन्ही पणाला लागतील. स्पर्धेत उतरा किंवा उतरू नका, पण या रविवारी दोघी बसून तिचं नेमणूकपत्र वाचा. आणि एका पानावर लिहून ठेवा की कुठला भाग कोणाचा, येणाऱ्या पैशांत तिचा वाटा किती, अ‍ॅप विकलं तर काय. मैत्री आहे म्हणूनच लिहा. पैसे आल्यावर हे बोलणं फार अवघड जातं.

मागच्या हॅकेथॉनचं तुम्ही एका ओळीत उरकलंत, पण तीच ओळ वाचून मी थांबले. आपली गोष्ट दुसऱ्याच्या घरात दिसली की आत काहीतरी तुटतं. दुर्दैवाने तिथे कायद्याची फारशी मदत होत नाही. कॉपीराइट कल्पनेला नसतो, ती ज्या रूपात मांडली त्या रूपाला असतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद यांच्या खटल्यात, एका नाटकावरून आणि चित्रपटावरून झालेल्या वादात, हेच सांगितलं. नुसत्या संगणक प्रोग्रॅमला आपल्याकडे पेटंटही मिळत नाही. आणि हॅकेथॉनच्या अटींत बहुधा एक ओळ असते, की कंपनी अशाच कल्पनेवर आधीपासून काम करत असू शकते आणि तुम्ही सांगितलेलं गुप्त धरलं जाणार नाही. ती ओळ मान्य केली की पुढे बोलायला जागा उरत नाही. यात तुमचा भाबडेपणा नव्हता. तो कागद एका बाजूनेच लिहिलेला होता.

आता काय करायचं ते. आयोजकांना उद्याच मेल लिहा. भाषा सौम्य ठेवा, मागण्या स्पष्ट ठेवा. जिंकणाऱ्यांखेरीज बाकीच्यांची प्रवेशिका फक्त परीक्षणासाठी वापरली जाईल आणि निकालानंतर तीस दिवसांत कोड पुसला जाईल, एवढं लेखी मागा. जिंकणाऱ्याचं अ‍ॅप कंपनीला वापरायचं असेल तर त्याचा करार आणि मोबदला वेगळा ठरावा. आधीपासून वापरात असलेल्या अ‍ॅपना नववं कलम लागू नसावं. नुकसानभरपाईला बक्षिसाच्या रकमेची मर्यादा असावी. आणि गुणपत्रिका आधी जाहीर व्हावी. असं विचारलं की नाव कापतील, ही भीती सगळ्यांना असते. माझा अनुभव असा की बहुतेक वेळा या अटी कोणीतरी जुन्या स्पर्धेतून उतरवून घेतलेल्या असतात आणि विचारल्यावर कंपनीतलेच लोक पहिल्यांदा त्या नीट वाचतात. एकटीने लिहिण्यापेक्षा ओळखीतल्या चार-पाच जणांना घेऊन लिहिलंत तर जास्त ऐकलं जाईल. वास्तुविशारदांनी हे फार पूर्वी केलं. त्यांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांसाठी युनेस्कोची शिफारस १९५६ पासून आहे, १९७८ मध्ये ती सुधारली, आणि आराखड्याचा कॉपीराइट रचनाकाराकडेच राहावा असं त्यात आहे. अ‍ॅप लिहिणाऱ्यांकडे असं काही नाही, कारण आपण सगळे आपापल्या खोलीत बसून ‘मान्य आहे’ दाबत आलो.

मेलला उत्तर येण्याआधी कोणा वकिलाशी बोलावंसं वाटलं तर शिवाजीनगर न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना तिथे मोफत विधी सहाय्य मिळतं, त्यासाठी उत्पन्न किती हे बघत नाहीत. कोडची कॉपीराइट नोंदणीही करून ठेवा, फी ५०० रुपये आहे. नोंदणी नसली तरी हक्क असतोच, पण वाद झाला तर तारखेचा कागद उपयोगी पडतो.

त्यांनी नकार दिला आणि तरीही उतरायची इच्छा राहिली, तर वेगळी छोटी वस्तू घेऊन उतरा. काकूंनी फोनवर मराठीत ‘उद्या जोशीबाईंचे दोन डबे नकोत’ म्हटलं की त्याचा खाडा मांडला जाईल, एवढाच एक तुकडा करा. चाळीस तासांचं काम. तो मूळ अ‍ॅपशी न जोडता, मैत्रिणीचा एक शब्दही त्यात न घेता पाठवा. तो त्यांच्याकडे गेला तरी तुमचं घर शाबूत राहील. उरलेले २१० तास नवी गिऱ्हाइकं मिळवायला घाला. कमिन्स कॉलेजच्या आसपास, कोथरूडला, सदाशिव पेठेत किती मेस आहेत हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. शंभर जणींपर्यंत पोचलात तर महिन्याला ९,९०० होतात. दहा लाखांपुढे हा आकडा लहान दिसतो, पण तो दर महिन्याला येतो. बक्षिसाने अ‍ॅप जगतंच असंही नाही. २०२० मध्ये सरकारच्या आत्मनिर्भर भारत अ‍ॅप स्पर्धेत ६,९४० प्रवेशिका आल्या होत्या. त्यात पारितोषिक मिळालेल्या कू या ट्विटरसारख्या अ‍ॅपला नंतर पुष्कळ प्रसिद्धी आणि गुंतवणूकही मिळाली, तरी जुलै २०२४ मध्ये ते बंद पडलं.

राहिली ती नेटफ्लिक्सची चूक. त्यांनी स्पर्धकांना प्रेक्षकांनी चित्रपटांना दिलेली दहा कोटींहून जास्त गुणांकनं दिली होती, लोकांची नावं काढून टाकून. टेक्सास विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी ती दुसऱ्या एका संकेतस्थळावरच्या उघड अभिप्रायांशी ताडून त्यातली काही माणसं ओळखून दाखवली. पुढे खटला झाला आणि २०१० मध्ये कंपनीला दुसरी स्पर्धा रद्द करावी लागली. तुमच्या स्पर्धेचं पाचवं कलम सांगतं की अ‍ॅप ‘खऱ्या वापरकर्त्यांच्या माहितीसह’ दाखवायचं. तुमच्या अ‍ॅपमध्ये ३७ काकूंचे नंबर आहेत, आणि त्यांच्यामागे होस्टेलवर आणि भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या शेकडो मुलींची नावं, खोली नंबर, फोन आहेत. खाडे तारखेवार आहेत. कुठली मुलगी कोणत्या दिवशी खोलीवर नसते, हे त्या खाड्यांवरून कोणालाही कळेल. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अशी माहिती दुसऱ्या कामासाठी द्यायची तर संमतीचा प्रश्न येतो, आणि कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. डेमोसाठी खोटी नावं आणि खोटे खाडे भरून एक वेगळी वही तयार करा. मेल उद्या गेला तरी चालेल, ही वही आज रात्रीच करा.